लिंकिन पार्कचे येणे आणि चेस्टरचे नसणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २५ जानेवारी २०२६ रोजी लिंकिन पार्क हा अमेरिकी रॉक बँड गाणार असल्याचे वृत्त आपल्या दैनिकात आल्यापासून या स्तंभात त्यावर दोन-तीन वाचकांची पत्रे आली. बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन गेल्यानंतर उरलेल्या मंडळींनी हे नाव लावून गावोगाव फिरणे ही प्रतारणा आहे, असे एका वाचकाने लिहिले. ज्यांना पटत नाही त्यांनी घरी बसावे आणि मेलेल्या माणसाच्या नावाने गळा काढणे थांबवावे, असे दुसऱ्याने त्याला उत्तर दिले. पहिल्या पत्रातले दुःख मला माझे वाटते आणि दुसऱ्या पत्रातली अधीरताही अनोळखी नाही, कारण गेले वर्षभर या दोन्ही गोष्टी माझ्या एकटीच्या मनात एकमेकींशी भांडत आहेत. तिकिटे काढून झाली आहेत आणि तरीही हे भांडण मिटलेले नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे, परंतु विषय दोन ओळींत आटोपण्यासारखा नाही.

ज्यांचा या संगीताशी संबंध आला नाही अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. कॅलिफोर्नियातील अगोरा हिल्स येथे १९९६ मध्ये माइक शिनोडा, ब्रॅड डेल्सन आणि रॉब बोर्डन या शाळेपासूनच्या मित्रांनी झीरो नावाचा बँड काढला. त्यांचा पहिला गायक सोडून गेला आणि १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनातील फिनिक्सचा चेस्टर बेनिंग्टन त्याच्या जागी आला. ऑक्टोबर २००० मध्ये ‘हायब्रिड थिअरी’ हा त्यांचा पहिला अल्बम निघाला आणि एकट्या अमेरिकेत त्याची नोंद आज एक कोटी वीस लाख प्रतींवर गेली आहे. या गाण्यांची बांधणी दोन आवाजांवर उभी होती. शिनोडा रॅपमधून, जवळजवळ बोलल्यासारखा, जे घडले ते मांडत जाई आणि ध्रुवपद आले की चेस्टरचा आवाज त्या मांडणीला फाडून वर येई. तो आवाज एका क्षणी अतिशय कोवळा आणि सुरेल असे, तर पुढच्याच क्षणी घसा सोलवटून निघावा असा ओरडत असे, आणि विलक्षण गोष्ट ही की ओरडतानाही तो सुरातच असे. त्या पहिल्या अल्बममध्ये एकही शिवी नाही, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. इतका राग इतक्या सभ्य शब्दांत मांडता येतो, हे आम्हाला त्याआधी कोणी दाखवले नव्हते.

आमच्या कोल्हापूरच्या घरात हा बँड दादाच्या कॅसेटमधून आला. तेव्हा तो सांगलीजवळ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मी अकरावीत. वसतिगृहातून तो दर शनिवारी येई, पिशवीत धुण्याचे कपडे आणि एखादी कॅसेट. ती कॅसेट मी रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर, आवाज अगदी बारीक ठेवून, टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकत असे. आतल्या घडीच्या कागदावरचे इंग्रजी शब्द निम्मे कळत, निम्मे कळत नसत. पण आपण कोणाच्या तरी अपेक्षांखाली हळूहळू दुसरेच कोणीतरी होत चाललो आहोत, अशा अर्थाचे एक गाणे २००३ च्या ‘मिटिओरा’ या अल्बममध्ये आले आणि ते कळायला शब्दकोश लागला नाही. आमच्या घरात प्रेम पुष्कळ होते, परंतु मनाला काय होते हे बोलण्याची रीत नव्हती. ताप आला तर सगळे घर जागे राही. जीव नकोसा झाला आहे असे म्हटले असते तर ‘अभ्यासात लक्ष घाल’ एवढेच उत्तर मिळाले असते. त्या वर्षी दादाचे दोन विषय राहिले होते. तो जेवत नसे आणि कोणाशी बोलत नसे. पुढे कित्येक वर्षांनी, स्वतःच्या मुलाच्या बारशाच्या रात्री, त्याने मला सांगितले की त्या दिवसांत तो रात्रभर याच गाण्यांच्या सोबतीने जागा राही आणि सकाळ होई. त्याहून अधिक तो काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

हे खासगी वाटेल, परंतु मुद्दा खासगी नाही. पुण्यात, नागपुरात, औरंगाबादेत, कराडात, जिथे जिथे त्या काळी वसतिगृहे आणि सायबर कॅफे होते तिथे तिथे अशी हजारो मुले होती. गाण्यांच्या फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर जात, सीडीवर जाड शाईने नाव लिहिलेले असे, आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात एखादा तरी बँड याच गाण्यांपैकी एक वाजवून गायकाचा घसा बसवून घेई. यांपैकी कोणीही चेस्टरला कधी प्रत्यक्ष ऐकले नाही. हा बँड चेस्टर असताना एकदाही भारतात आला नाही. आयर्न मेडन आले, मेटालिका आले, गन्स अँड रोझेस आले. दरवेळी आम्ही म्हणत राहिलो की आता पुढचे हेच. ते ‘पुढचे’ २०१७ पर्यंत आले नाही आणि त्यानंतर येण्याचा प्रश्नच उरला नाही. म्हणून आपल्याकडच्या चाहत्यांची घालमेल लंडन-लॉस एंजेलिसच्या चाहत्यांपेक्षा थोडी निराळी आहे. तिकडच्या माणसाला आधीच्या आठवणीशी आजचे ताडून पाहता येते. आपल्याकडे आधीची आठवणच नाही. पंचवीस वर्षे ज्या दाराकडे डोळे लावून बसलो ते दार उघडते आहे, आणि ज्याच्यासाठी बसलो होतो तो त्यातून येणार नाही.

२० जुलै २०१७ रोजी चेस्टरने आपले आयुष्य संपवले. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल, व्यसनांबद्दल आणि नैराश्याबद्दल तो कधी लपवून बोलला नव्हता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एका मुलाखतीत, आपल्याच डोक्यात एकटे राहणे आपल्यासाठी धोक्याचे असते अशा आशयाचे तो बोलला होता. एका आठवड्यावर आलेला अमेरिकेतील दौरा रद्द झाला. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल येथे त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला तेव्हा त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एक गाणे बँडने गायकाविना वाजवले. मंचावर गायकाचा ध्वनिक्षेपक उभा होता, त्याच्यापाशी कोणी नव्हते आणि शब्द प्रेक्षकांनी म्हटले. मी ते चित्रण कितीदा पाहिले असेल याची मोजदाद नाही. आज जे चाहते नव्या गायिकेला स्वीकारू शकत नाहीत, त्यांच्या डोळ्यांसमोर तो रिकामा ध्वनिक्षेपक आहे हे दुसऱ्या पत्रलेखकाने समजून घ्यावे. त्यांना ती जागा रिकामी राहायला हवी आहे, कारण तिथे आपण स्वतः गायलो होतो.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण ती न सांगता हा विषय बोलणे अप्रामाणिक ठरेल. चेस्टरचा शेवटचा अल्बम मे २०१७ मध्ये आला आणि जुन्या चाहत्यांनी त्याला झोडपून काढले. गाणी हलकी झाली, रेडिओसाठी केली, बँडने स्वतःला विकले, अशी टीका झाली आणि ती चेस्टरला लागली हेही त्याच्या तेव्हाच्या मुलाखतींमधून दिसत होते. मीदेखील नाक मुरडले होते. दोन गाणी ऐकून ‘हे ते नव्हेत’ असे मी दादाला कळवले होते आणि त्यानेही होकार भरला होता. दोन महिन्यांनी त्याच अल्बमचे शीर्षकगीत आम्ही दोघे रडत ऐकत होतो. ते गाणे मुळात बँडच्या परिचयातील एका स्नेह्यांच्या निधनावर रचलेले. एक दिवा विझला तर कोणाला काय, असे विचारणारे आणि मला फरक पडतो असे उत्तर देणारे. ज्याला आपण मे महिन्यात परका ठरवले त्याच्यावर जुलैनंतर आपला हक्क सांगू लागलो. यामुळे आज कोणी ‘हे खरे लिंकिन पार्क नव्हे’ असे म्हटले की मला त्या मे महिन्याची आठवण होते. खरे-खोटे ठरवण्याच्या अधिकाराचा आपण एकदा फार उतावीळपणे वापर केला आहे.

त्यानंतर सात वर्षे बँड असा नव्हताच. शिनोडाने एकट्याने अल्बम केला, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्त्या निघाल्या, चेस्टरच्या आवाजातली काही अप्रकाशित गाणी बाहेर आली. मग ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर शंभर तासांची उलटी गणती सुरू झाली आणि ५ सप्टेंबरला, म्हणजे आपल्याकडे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे, एका थेट प्रक्षेपणातून नवा संच जगासमोर आला. शिनोडाने नव्या गाण्याचे पहिले कडवे म्हटले आणि दुसऱ्या कडव्याला एमिली आर्मस्ट्राँग ही डेड सारा या बँडची गायिका पुढे आली. रॉब बोर्डन आता बँडमध्ये नाही, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन ड्रम वाजवतो. ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे पण दौऱ्यांवर येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फ्रॉम झीरो’ हा नवा अल्बम निघाला आणि अमेरिकेतून सुरू झालेला दौरा युरोप, आशिया, लॅटिन अमेरिका असा फिरत जून २०२५ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये पोहोचला. प्रतिसाद अफाट आहे, याबद्दल वाद नाही.

वाद इतर गोष्टींबद्दल आहे आणि त्यांपैकी एक मला सर्वांत गंभीर वाटते. चेस्टरच्या आईने जाहीरपणे सांगितले की असे काही करण्यापूर्वी आपल्याला कळवले जाईल असा शब्द मिळाला होता, आणि तसे झाले नाही. त्याच्या मुलानेही तीव्र शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्या घरात नेमके काय बोलणे झाले होते याचा न्याय इथे बसून करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्याकडे वर्षश्राद्ध झाल्यानंतरही घरात मंगलकार्य करायचे तर आधी ज्येष्ठांच्या कानावर घालतात आणि मगच पत्रिका छापतात. त्या रीतीमागे जी समज आहे ती कोणत्याही देशात तितकीच खरी आहे. उलटी गणती, गुप्तता आणि अचानक पडदा वर जाणे हे सगळे नव्या अल्बमच्या प्रसिद्धीसाठी योग्य असेल, पण ज्यांच्या मनात शोक शिल्लक होता त्यांना ते धक्क्यासारखे बसले. एवढी एक गोष्ट बँडने वेगळी करायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. एमिली आर्मस्ट्राँगने काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाला आधार म्हणून एका न्यायालयीन सुनावणीला हजेरी लावली होती. त्यावरूनही टीका झाली आणि तिने आपण जायला नको होते असे जाहीरपणे सांगितले. ते पुरेसे वाटणारे आणि न वाटणारे असे दोन्ही प्रकारचे चाहते आहेत, आणि हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे.

पण आक्षेपांच्या या गर्दीत एक सूर असा आहे की त्याला शोक म्हणणे मला मान्य नाही. बाईने हे गाणे गाऊच नये, हा राग बाईच्या गळ्यात शोभत नाही, अशी भाषा मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा वाचली की त्यातला तिरस्कार आता लपत नाही. तो सूर चेस्टरच्या नावाआड लपतो, याचे मला अधिक वाईट वाटते. दादा वसतिगृहाच्या खोलीत ही गाणी मोठ्याने लावू शकत होता. मला ती झोपलेल्या घरात बारीक आवाजात ऐकावी लागली. मुलीने किंचाळणारे गाणे ऐकणे हेच विचित्र मानले जात होते, ते म्हणणे तर लांबच राहिले. तो कोंडमारा फक्त मुलग्यांचा नव्हता. मी त्या गाण्यांत स्वतःला शोधत होते तेव्हा त्यांत बाईचा आवाज नव्हता आणि तो असावा असे मागण्याचे मला सुचलेही नव्हते. आज कोणीतरी त्या मंचावर उभी राहून पूर्ण छातीने तो स्वर लावते तेव्हा चेस्टरचे नसणे मला टोचते, आणि त्याच क्षणी माझ्यातली ती अकरावीतली मुलगी ताठ उभी राहते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता नावाचा प्रश्न. पहिल्या पत्रलेखकाने सुचवले की त्यांनी नाव बदलावे. अशी उदाहरणे आहेत. १९८० च्या मे महिन्यात गायक इयन कर्टिस गेल्यावर जॉय डिव्हिजन या बँडमधल्या उरलेल्या मित्रांनी ते नाव ठेवले नाही आणि न्यू ऑर्डर या नावाने नवे काम केले. त्याच वर्षी ड्रमवादक जॉन बॉनहॅम गेल्यावर लेड झेपेलिनने बँड थांबवला आणि सत्तावीस वर्षांनी लंडनमध्ये त्याच्या मुलाला ड्रमवर बसवून एक पूर्ण कार्यक्रम केला. क्वीन या बँडचे उरलेले दोघे अ‍ॅडम लॅम्बर्टबरोबर गातात तेव्हा त्याचे नाव अधिकच्या चिन्हाने वेगळे लिहितात. परंतु पुन्हा त्याच वर्षी, म्हणजे १९८० मध्येच, बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला आणि एसी/डीसीने जुलैमध्ये नव्या गायकासह जो अल्बम काढला त्याचे मुखपृष्ठ त्याच्या शोकार्थ काळे होते; नाव मात्र तेच राहिले आणि त्या निर्णयाला आज कोणी प्रतारणा म्हणत नाही. एकाच वर्षात तीन बँडवर मृत्यू ओढवला आणि तिघांनी तीन वाटा धरल्या. यांतली एकच वाट सचोटीची होती असे मला म्हणता येत नाही.

लिंकिन पार्कपुरते बोलायचे तर हा बँड शिनोडा आणि त्याच्या मित्रांनी उभा केला आणि चेस्टर त्यात नंतर आला, हे विसरता येणार नाही. ‘फ्रॉम झीरो’ या नावात पहिल्या बँडच्या नावाचा उल्लेख आहे आणि तो मुद्दाम केलेला आहे. अर्थात १९९९ मध्ये या मंडळींना कोणी ओळखत नव्हते, त्यामुळे चेस्टरचे येणे आणि एमिलीचे येणे यांची तुलना पूर्णपणे जुळत नाही, हेही मी मान्य करते. पण गाणी एकट्या चेस्टरची नव्हती. शब्दांत, चालीत, यंत्रांवरच्या तासन्‌तासांच्या कामात इतर पाच जणांचे तारुण्य गेले आहे. मित्र गेला म्हणून त्यांनी ती गाणी उरलेल्या आयुष्यात पुन्हा कधी म्हणू नयेत, अशी अट घालण्याचा हक्क मला कोणी दिला? सात वर्षे ते थांबले. आणखी किती थांबल्यावर आपण परवानगी दिली असती?

या संदर्भात मला माझ्या वडिलांचे एक वाक्य आठवते. त्यांनी तरुणपणी कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात ‘कट्यार काळजात घुसली’ पाहिले होते, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे असताना. २०१० मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची ती भूमिका करून नाटक पुन्हा रंगमंचावर आणले तेव्हा बाबा जायला तयार नव्हते. ‘ज्यांनी वसंतरावांना ऐकले त्यांनी कशाला जायचे,’ असे ते म्हणत. आईने जवळजवळ ओढून नेले. परत आल्यावर बराच वेळ ते झोपाळ्यावर बसून राहिले आणि मग म्हणाले, ‘वसंतराव नाहीत. पण खाँसाहेब आहेत.’ मी हे वाक्य दादाला ऐकवले तेव्हा त्याने ताबडतोब त्यातला फरक दाखवला. खाँसाहेब हे लिहिलेले पात्र आहे, ते नटाच्या आधीही होते आणि नंतरही राहील. चेस्टर गात होता तो त्याच्या स्वतःच्या जखमेतून. ती जखम दुसऱ्याला कशी म्हणता येईल? या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. मला एवढेच सांगता येते की ती जखम त्याची एकट्याची असती तर कोल्हापुरातल्या एका बंद खोलीत दादाला ती आपली वाटली नसती. गाणे एकदा आपल्यापर्यंत पोहोचले की ते म्हणणाऱ्याचे जितके असते तितकेच ते ज्याने रात्र काढली त्याचेही होते, आणि एमिली आर्मस्ट्राँगही कधीतरी हीच गाणी ऐकत मोठी झालेली कोणीतरी असणार, असे मी स्वतःला सांगत असते. कधी ते पटते. काही गाण्यांना मात्र आजही पटत नाही. तिच्या आवाजातली नवी गाणी मी मोकळ्या मनाने ऐकते, पण ‘हायब्रिड थिअरी’मधले एखादे जुने गाणे तिच्या आवाजात लागले की अजूनही हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे जातो.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला हा बँड २०२४ मध्ये, एमिलीच्या आवाजातून भेटला आणि तिथून ती मागे मागे जात चेस्टरपर्यंत पोहोचली. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, ‘आई, हा असा का गेला?’ मी तिच्याशी दोन तास बोलले. जे माझ्या घरात कधी बोलले गेले नाही ते सगळे बोलले: जीव नकोसा होणे म्हणजे काय, तसे वाटले तर लाज न बाळगता कोणाला सांगायचे, मदत मागणे म्हणजे हरणे नव्हे, आणि तिच्या मामाचे ते वर्ष. नवा संच आला नसता तर माझी मुलगी या माणसाच्या नावापर्यंत आली असती की नाही, मला ठाऊक नाही. जे म्हणतात की नव्या दौऱ्याने चेस्टर पुसला जाईल, त्यांना मी माझ्या घरातला हा एक अनुभव सांगू इच्छिते. त्यावरून सर्वत्र असेच घडते असा दावा मी करत नाही.

तिकिटांविषयी फार लिहीत नाही. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे मिनिटांत संपून मग कित्येक पट भावाने विकली जातात, हे कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांच्या वेळी सर्वांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल आपल्या दैनिकाने पुष्कळ लिहिलेही आहे. एवढेच नोंदवते की ज्या पिढीने हा बँड इथे जगवला ती तेव्हा एका कॅसेटवर चौघे मिळून भागवणारी पिढी होती आणि तिच्यातले अनेकजण आजही रेसकोर्सच्या आत येऊ शकणार नाहीत.

आपल्याकडून मात्र एक अपेक्षा आहे, संपादक महोदय. त्या दिवसानंतर आपल्या दैनिकात या कार्यक्रमाचे वृत्त आणि परीक्षण येईल. त्यात कृपया ‘चेस्टरची जागा घेणारी गायिका’ असे शब्द नकोत. ती जागा कोणी घेतलेली नाही आणि घेतली असे म्हटल्याने दोघांचाही अपमान होतो. तिने कसे गायले ते तिच्या नावाने लिहावे, चांगले तर चांगले, उणे तर उणे. चेस्टरविषयी लिहिताना तो कसा गेला याचे तपशील न देता तो काय गात होता याबद्दल चार ओळी लिहाव्यात, आणि त्याच मजकुराखाली मानसिक आधारासाठीचा शासनाचा १४४१६ हा टेली-मानस क्रमांक द्यावा. रेसकोर्सवर त्या रात्री जमणाऱ्यांत आणि दुसऱ्या दिवशी आपले दैनिक उघडणाऱ्यांत, दादासारखे त्या वर्षात अडकलेले कोणीतरी नक्की असेल.

आम्ही तीन तिकिटे काढली होती: माझे, मुलीचे आणि दादाचे. गेल्या आठवड्यात त्याने फोन करून सांगितले की तो आत येणार नाही. मी कारण विचारले नाही आणि आग्रहही केला नाही. तिसरे तिकीट मुलीच्या मैत्रिणीला द्यावे असे त्यानेच सुचवले. तो कोल्हापूरहून येणार आहे, महालक्ष्मी स्थानकापासून फाटकापर्यंत मुलींची बॅग धरून चालणार आहे आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर हाजी अलीच्या बाजूला थांबणार आहे. तिथपर्यंत आवाज येतो का, हे त्याने मला दोनदा विचारले.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे